बाटलीवरचे गाव

गेल्या दिवाळीत आमच्या नौपाड्यातल्या घरी एक पाहुणा आला आणि चांगला चार महिने मुक्काम ठोकून राहिला. त्याचे खाण्यापिण्याचे काही मागणे नव्हते, की त्याला अंघोळीचे पाणी काढून द्यावे लागत नव्हते. पण त्याला ठेवावे कोठे, या प्रश्नाने घरातल्या प्रत्येकाला सतावले. हा पाहुणा म्हणजे फ्रान्सहून आलेली तांबड्या वाइनची एक बाटली.

माझा पुतण्या नोकरीनिमित्त तुलूझला असतो. दर खेपेला तो चॉकलेटे आणतो. या खेपेस, "काका, आता पन्नाशीकडे निघालात, एवढं चालेल," असे म्हणून त्याने ही बाटली माझ्या हातात ठेवली आणि वर बजावले, "उभी ठेवायची नाही हं. आडवी. बूच ओलं राहिलं पाहिजे."

आडवी ठेवायची म्हणजे कोठे? स्वयंपाकघरात देवघर आहे, तेव्हा तेथे विचारच नको. बाहेरच्या खोलीत ठेवावी, तर आमच्याकडे येणारी निम्मी मंडळी घंटाळी देवीचे दर्शन घेऊन परस्पर येणारी. कपाटात ठेवू म्हटले, तर सौभाग्यवतींनी पैठणीकडे बोट दाखवून मला गप्प केले. शेवटी दाते-कर्व्यांचा महाराष्ट्र शब्दकोश मदतीला आला. त्याच्या जाडजूड खंडांमागे फळीवर हातभर जागा होती. तेथे ती बाटली निजली. मराठीच्या प्राध्यापकाच्या घरी शब्दकोशाच्या पाठीमागे काय दडले आहे, याचा संशय कोणाला येणार?

पण शब्दकोश हा माझा रोजचा सोबती. एक खंड ओढावा, की मागून काळी बाटली डोकवायची. दहादा दिसल्यावर अकराव्यांदा मी ती बाहेर काढली आणि तिच्यावरची चिठ्ठी वाचू लागलो. मला फ्रेंच येत नाही. पण नावे वाचायला भाषा यावी लागते असे नाही. ठळक अक्षरांत छापले होते ‘कोर्बिएर’. मागच्या बाजूस हिरव्या चौकोनात ताऱ्यांनी काढलेले एक पान होते. द्राक्षाच्या जातीचे नाव मात्र कोठेच सापडेना.

पुतण्याला फोन केला. तो म्हणाला, "कोर्बिएर हे जागेचं नाव, काका. दक्षिणेकडचा डोंगराळ भाग आहे. खडकाळ, वारा भन्नाट. आत तीन-चार जातींची द्राक्षं असतील, पण तिथं जातीपेक्षा जागा मोठी. ते हिरवं पान सेंद्रिय शेतीचं. आणि त्या जागेपणाला हे लोक ‘तेर्वार’ म्हणतात."

हा ‘तेर्वार’ शब्द माझ्या मानेवर बसला. त्याला मराठीत काय म्हणावे? माती म्हणावे तर त्यात ऊन, वारा, उतार येत नाही. हवापाणी म्हणावे तर माती सुटते. आणि पिढ्यान्‌पिढ्या त्या जागी राबणाऱ्या माणसांची सवय तर दोन्हींत मावत नाही. आपल्याकडे ‘ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला’ अशी म्हण आहे. म्हणीतला वाण म्हणजे रंग. पण शेतकऱ्याच्या बोलीत वाण म्हणजे पिकाची जात. त्या अर्थाने पाहिले तर म्हण वाइनला चपखल बसते. वाण कोणताही असो, गुण शेजारच्या जमिनीचा लागतो.

शोधता शोधता मी संस्कृताकडे गेलो आणि थक्क झालो. आयुर्वेदाने औषधी वनस्पतींचा विचार करताना ‘देश’ हा शब्द वापरला आहे. चरकसंहितेत जमिनीचे जांगल, आनूप आणि साधारण असे तीन देश सांगितले आहेत: कोरडा, पाणथळ आणि मधला. तीच वनस्पती देश बदलला की गुण बदलते, हे त्या मंडळींना ठाऊक होते. त्याहून नवल कौटिल्याचे. अर्थशास्त्रात मद्यावर देखरेख ठेवणाऱ्या सुराध्यक्षाचे एक प्रकरण आहे. द्राक्षांच्या रसापासून होणाऱ्या मद्याविषयी कौटिल्य सांगतो, की ते कोणत्या देशचे यावरूनच त्याची ओळख होते. आणि कापिशायन व हारहूरक अशी दोन नावे देतो. त्यातले कापिशायन म्हणजे कापिशीचे. ही कापिशी आजच्या अफगाणिस्तानातल्या बेग्रामजवळची. ‘कापिशायन’ हा शब्द कसा बनतो हे सांगायला पाणिनीने स्वतंत्र सूत्र खर्ची घातले आहे. म्हणजे फ्रान्सने आपल्या वाइनच्या गावनावांना कायद्याचे संरक्षण देण्यासाठी १९३५ साली संस्था काढली, त्याच्या दोन हजार वर्षे आधी आपल्याकडे द्राक्षाचे मद्य गावावरून ओळखले जात होते!

ही विद्वत्ता घरात कोणाला ऐकवावी? सौभाग्यवती म्हणाल्या, "तेवढा शोध लागलाच आहे, तर ती बाटली आता कुणाला तरी देऊन टाका."

तेव्हा मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला. दिंडोरी तालुक्यातला शेतकऱ्याचा मुलगा. शिकायला मामाकडे ठाण्यात राहिलेला. शाखा विज्ञानाची, पण मराठीच्या तासाला पहिल्या बाकावर असे. पुढे तो नाशिककडे परतला, वाइन बनवण्याचे शिक्षण घेतले आणि आता तिकडच्याच एका लहानशा वाइनरीत काम करतो. त्याला फोन केला, तर म्हणाला, "सर, बाटली घेऊनच या. फेब्रुवारीअखेर या, आमची तोडणी चालू असेल. आणि एकट्याने उघडू नका."

फेब्रुवारीच्या एका शनिवारी ठाण्याहून सकाळची गाडी धरली. बाटली टॉवेलात गुंडाळून पिशवीत, पिशवी मांडीवर. ठाण्याला आगगाडी आली ती १८५३ साली; पण घाट ओलांडून वर जायला तिला आणखी बारा वर्षे लागली. कसारा आले, की मागून इंजिने जोडतात आणि गाडी थळघाट चढू लागते. कोकण खाली राहते, बोगद्यांमागून बोगदे जातात आणि इगतपुरीला डब्यातली हवाच पालटते. आपण घाटमाथ्यापलीकडच्या मुलखाला ‘देश’ म्हणतो. एरवी हा शब्द मी भूगोलातला म्हणून वापरत आलो. त्या दिवशी चरकाचा ‘देश’ आणि हा ‘देश’ मला एकदम एकच वाटले. खाली दमट, भाताचा देश; वर कोरडा, ज्वारी-बाजरीचा आणि आता द्राक्षांचा देश. दोन तासांच्या प्रवासात तांबड्या मातीची काळी माती होते, एवढेच काय, पाण्याची चवही बदलते.

विद्यार्थी नाशिकरोडला घ्यायला आला होता. दिंडोरीकडे जाताना दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मांडव लागले. एके ठिकाणी रस्ता डोंगराच्या पायथ्याकडे वळला. घरासमोर खाटेवर त्याचे वडील बसले होते. गावात त्यांना सगळे ‘नाना’ म्हणतात. डोक्यावर टोपी, गळ्यात तुळशीची माळ. मी माळ पाहिली आणि पिशवी नकळत पाठीमागे घेतली. नाना हसले. "असू द्या, सर. पंधरा वर्षं वर झाली, ह्याच द्राक्षांचं पीक काढतोय. बागेला कसली आलीय माळ? पीत न्हाई एवढंच."

चहा झाला आणि आम्ही वावरात गेलो. खाली नाल्याकडे काळी, खोल माती. तेथून वर चढत गेले की जमीन पातळ होत जाते आणि माथ्याकडे नुसता मुरूम. नानांनी दोन्हीकडची माती माझ्या हातावर ठेवली. खालची मुठीत घट्ट बसली. वरची बोटांतून सांडून गेली. सगळा दगड मूळचा एकच. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा हा बसाल्ट. पण एक झिजून नाल्याला येऊन साठला आणि दुसरा अजून झिजतोच आहे. दोन्हीकडे वाण मात्र एकच, शिराज. फ्रान्समध्ये त्यालाच सिरा म्हणतात. म्हणजे माझ्या पिशवीतल्या बाटलीचा हा भाऊबंदच.

विद्यार्थ्याने मला समजावून दिले. मातीतली खनिजे मुळांनी उचलली आणि ती जशीच्या तशी पेल्यात उतरली, असे काही नसते. जमीन काम करते ती पाण्याच्या हिशेबाने. काळी माती पाणी धरून ठेवते, वेल माजते, मणी फुगतात, रस पातळ होतो. मुरमात पाणी थांबत नाही, वेलीची ओढाताण होते, मणी लहान राहतात. तांबड्या वाइनचा रंग आणि बराचसा स्वाद सालीतून येतो; लहान मण्यात रसाच्या मानाने साल जास्त, म्हणून वाइन दाट. खायच्या द्राक्षाला आपण टपोरा मणी मागतो, त्यासाठी संजीवके देतो. येथे गणितच उलटे. समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपासची उंची आणि फेब्रुवारीत रात्री स्वेटर, दुपारी छत्री असली हवा. त्या थंड रात्रींमुळे द्राक्षातला आंबटपणा टिकतो.

"फ्रान्समध्ये वेल हिवाळ्यात झोपते," तो म्हणाला. "पानं गळतात, थंडी उलटली की जागी होते, सप्टेंबरच्या सुमाराला तोडणी. आमच्या वेलीला झोपच नाही, सर. म्हणून आम्ही कात्रीनं तिला वर्ष समजावून सांगतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, मग पावसाळाभर काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये फळछाटणी, की घड धरतो. जानेवारी ते मार्च तोडणी. कात्री दोनदा, पीक एकदाच."

मी खाली वाकून बुंध्याकडे पाहिले. जमिनीपासून वीतभर अंतरावर एक गाठ होती. ते कलम. खालचा खुंट डॉगरिजचा, मूळचा अमेरिकेतला. कोरडवाहू आणि खारवट जमिनीत तग धरणारा. वर फ्रेंच शिराज. मला हसू आले. ‘मातीचा गुण’ शोधत आलो, तर मातीत पाय अमेरिकनाचे! पण फ्रान्सचीही तीच कथा आहे. १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेतून आलेल्या फायलोक्झेरा नावाच्या किडीने तिकडचे मळेच्या मळे मुळापासून खाल्ले. त्या किडीला दाद न देणारी मुळेही अमेरिकेतच होती, म्हणून फ्रान्सने आपली द्राक्षे अमेरिकन खुंटांवर बांधली. आज फ्रेंच वाइनच्या बागा बहुतेक करून तशाच उभ्या आहेत. आणि तरीही कोर्बिएर ते कोर्बिएरच. पाय कोणाचे यापेक्षा ते कोठे रोवले, यालाच महत्त्व असावे.

बांधाशी निळसर डाग पडलेले एक पिंप होते. मी ओळखले. "हे बोर्डो ना?" नानांना नवल वाटले. माझे आजोळ कोकणातले. आजोबांच्या वाडीत पावसाळ्यापूर्वी मोरचूद आणि चुना कालवून सुपारीवर मारत. कोळेरोगावरचे ते औषध. त्याला सगळे ‘बोर्डो’ म्हणत; बोर्डो हे फ्रान्समधल्या वाइनसाठी प्रसिद्ध असलेल्या शहराचे नाव आहे, हे मला फार उशिरा कळले. त्या भागातले मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद-चुन्याचा लेप देत. हेतू रोगाचा नव्हताच. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत, एवढाच. १८८२ च्या सुमारास बोर्डो विद्यापीठातल्या मियार्दे नावाच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाच्या ध्यानात आले, की या वेलींना डावणी झालेली नाही. तीन वर्षांनी त्याने हे मिश्रण जगापुढे मांडले. चोरांसाठी केलेला उपाय सुपारीच्या वाडीपर्यंत पोहोचला, आणि कोर्बिएरची बाटली माझ्या घरी येण्याच्या कितीतरी आधी फ्रान्सच्या वाइनचे गाव आमच्या आजोळी मुक्कामाला येऊन गेले होते.

"पण मग सेंद्रिय म्हणजे काय?" मी विचारले. "त्या हिरव्या पानाच्या बाटलीलाही हे चालतं?"

"चालतं, सर. लोकांना वाटतं, सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही. रासायनिक बुरशीनाशकं, तणनाशकं, कृत्रिम खतं बंद; तांबं आणि गंधक चालतं. पण तांब्यालाही माप आहे. सात वर्षांत हेक्टरी अठ्ठावीस किलोच्या वर नाही. बाग सेंद्रिय म्हणवून घ्यायला तीन वर्षं जावी लागतात. आणि २०१२ पर्यंत युरोपात ‘सेंद्रिय वाइन’ असं लिहिताच येत नव्हतं; ‘सेंद्रिय द्राक्षांची वाइन’ एवढंच. कारण नियम मळ्यापुरते होते, तळघरापुरते नव्हते."

त्याने स्वतः माथ्यावरच्या अर्ध्या एकरात हा प्रयोग केला आहे. शेणखत, जीवामृत, थोडे बोर्डो. पण २०१९ च्या दिवाळीत, फळछाटणीनंतर कोवळी फूट असताना, अवकाळी पाऊस कोसळत राहिला. साऱ्या जिल्ह्यातल्या बागांचे हाल झाले, आणि त्याच्या अर्ध्या एकरात डावणीने घड असा ठेवला नाही. कोर्बिएरला कोरडा वारा आहे, तो पाने वाळवतो. तिकडे सेंद्रिय शेती करायला वारा मदतीला येतो. इकडे ऐन नाजूक वेळी ढग येतात. सेंद्रियपणसुद्धा शेवटी जागेवरच अवलंबून.

"बरं, एवढा खटाटोप कशासाठी?" मी नानांना विचारले.

नाना थोडा वेळ मुरमात पाय घोळवीत राहिले. मग म्हणाले, "खत-पाणी रेटून दिलं ना सर, की सगळी वावरं एकसारखी बोलत्यात. खालचं कुठलं न्‌ वरचं कुठलं, कळंनासं होतं. ह्यानं अर्ध्या एकराला ते बंद केलं, तवा मला पुन्यांदा कळाय लागलं."

दुसऱ्या दिवशी पहाटे तोडणी पाहिली. ऊन चढण्याच्या आत घड थंडच वाइनरीत पोहोचले पाहिजेत, म्हणून बाया अंधारातच कात्र्या घेऊन वेलींत शिरल्या होत्या. आठला क्रेट भरलेला ट्रॅक्टर निघाला आणि त्याच्या मागोमाग आम्ही. महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा अजून आहे. पिणाऱ्याला परवाना लागतो. मी रीतसर एक दिवसाचा परवाना घेतला. मास्तरकीत आयुष्य गेल्यावर माणूस नियम मोडायलाही नियमाने जातो.

विद्यार्थ्याने गेल्या हंगामातली नानांच्या दोन वावरांची थोडी थोडी वाइन प्रयोगासाठी वेगळी ठेवली होती. दोन पेले भरले. मग माझी बाटली उघडली आणि तिसरा भरला. मी तिन्ही चाखले. खरे सांगायचे तर तिन्ही मला तांबडे, तुरट आणि गंभीर लागले. एम. ए. च्या अभ्यासक्रमात हा विषय नव्हता.

नाना दाराशी उभे होते. मुलगा म्हणाला, "नाना, वास घेता?" नाना पुढे आले. "वासाला माळ आड येत न्हाई," असे म्हणून त्यांनी पहिला पेला नाकाशी नेला, खाली ठेवला. दुसरा उचलला आणि बराच वेळ धरून ठेवला.

"ही खडकाळी," ते म्हणाले. "न्‌ ती नाल्याकडली."

विद्यार्थ्याने मान हलवली. बरोबर होते. आयुष्यात थेंबभर वाइन न प्यालेल्या माणसाने आपले वावर पेल्यात ओळखले होते. मग त्यांनी फ्रेंच पेला हुंगला आणि कपाळाला आठी घातली. "ह्याला वव्यासारखा वास हाय."

मी पुतण्याला मागाहून विचारले. कोर्बिएरच्या टेकड्यांवर थाइमची रानटी झुडपे माजलेली असतात, असे तो म्हणाला. थाइमच्या आणि आपल्या ओव्याच्या वासातला मुख्य घटक एकच, थायमॉल. झुडपाचा वास वाइनला लागला, की तो योगायोग, यावर जाणत्यांनी वाद घालावा. नानांनी तो घातला नाही. त्यांनी बाटली हातात घेतली आणि विचारले, "हे काय लिवलंय?"

"मुलखाचं नाव."

"न्‌ मालकाचं?"

"ते खाली, बारीक अक्षरांत."

नाना मोठ्याने हसले. "आमच्यात उलटं हाय."

खरेच उलटे आहे. शामराव चौगुल्यांनी १९८० च्या दशकात नारायणगावला फ्रेंच तंत्राने फेसाळती वाइन काढली, तिला नाव दिले ‘ओमर खय्याम’. राजीव सामंतांनी २००० साली नाशिकहून आपली पहिली बाटली बाजारात आणली, ती आईच्या ‘सुलभा’ या नावावरून ‘सुला’. आईचे नाव देणे गोडच आहे. पण ते गाव नव्हे. पुढे ‘दिंडोरी रिझर्व्ह’ निघाली आणि तालुका बाटलीवर आला. ‘नाशिक व्हॅली वाइन’ला भौगोलिक निर्देशांकही मिळाला. जिल्हा आला, तालुका आला. वावर अजून बांधावरच उभे आहे.

मी नानांना फ्रान्समधल्या बर्गंडीची गोष्ट सांगितली. तेथे द्राक्षांचे मळे लहान लहान तुकड्यांत विभागलेले आहेत, प्रत्येक तुकड्याला शतकानुशतके चालत आलेले नाव आहे, आणि अशा १,२४७ तुकड्यांना युनेस्कोने २०१५ साली जागतिक वारशाच्या यादीत घेतले. नानांना त्यात विशेष काही वाटले नाही. "ते तर हितंबी हाय," म्हणून ते बोटे मोडू लागले, "खडकाळी, नाल्याकडली, म्हसोबाचं वावर, चिंचेची पट्टी, येड्या आंब्याचं..." बोटे संपली, नावे संपेनात. ही नावे सात-बारावर नाहीत. तेथे गट नंबर आहेत. १९४७ च्या कायद्याने तुकडेजोड झाली तेव्हा जमिनींचे आकडे बदलले. माणसांनी नावे तेवढी तोंडात ठेवली.

परतीच्या वाटेवर विद्यार्थ्याने खरी गोष्ट सांगितली. २००८ च्या मंदीनंतर वाइनचा खप बसला, टाक्या भरलेल्या राहिल्या, आणि ज्या वाइनरीसाठी त्यांनी तीन एकर लावले होते, तिने ऐन तोडणीत द्राक्षे नाकारली. जिल्ह्यात अनेकांनी वाइनच्या बागा उपटल्या. नानांनीही दोन एकर उपटले. पुढे मुलगा या धंद्यात शिरला, तेव्हा त्यातला नाल्याकडचा तुकडा पुन्हा लावला. खडकाळीला मात्र तेव्हाही कुऱ्हाड लावली नव्हती. कारण मुरमावर दुसरे काही नीट येत नाही. आणि आता त्या मुरमालाच भाव आला आहे. वर उभे राहिले की डोंगराची रांग दिसते. नाशिकचा एक दलाल तेथे बंगल्यांचे प्लॉट पाडू म्हणतो. काळ्या जमिनीला तो विचारीतही नाही. उभ्या जन्मात द्राक्षे देऊन मिळणार नाही एवढी रक्कम त्याने एका कागदावर लिहून दिली आहे.

"नाना काय म्हणतात?"

"म्हणतात, ऑक्टोबरला बघू. कात्री लावली तर ठेवलं, नाही लावली तर दिलं."

मी सल्ला देऊ शकलो असतो. पण धाकट्या बहिणीचे लग्न, कर्ज, वाढते वय या गोष्टी त्या घराच्या होत्या, आणि खडकाळीच्या नावावर भाळलेला मी रात्रीच्या गाडीने नौपाड्याला परत जाणारा होतो.

घरी आलो. बाटलीची जागा मोकळी झाल्याने शब्दकोश पुन्हा मागे सरकला. पावसाळा गेला. मध्यंतरी आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाची सभा झाली. जुनी तीनमजली इमारत पाडून तेथे टोलेजंग मनोरा होणार आहे. बिल्डरच्या माणसाने चकचकीत चित्र भिंतीवर लावले आणि नव्या इमारतीसाठी तीन नावे सुचवली. तिन्ही परदेशी, त्यातले एक तर चक्क फ्रेंच. टाळ्या पडल्या. का कोण जाणे, मी उभा राहिलो आणि म्हणालो, "या जागेचं मूळ नाव काय असेल ते बघून तेच का देऊ नये?"

"काय होतं मूळ नाव?" अध्यक्षांनी विचारले.

मला माहीत नव्हते. कोणालाच नव्हते. नौपाड्यात पाडा आहे, म्हणजे वस्ती होती. वस्ती होती म्हणजे रान होते, खाचरे होती, विहिरी होत्या. कोणाला तरी बोटे मोडून त्यांची नावे सांगता येत असतील. कागदावर होता तो सिटी सर्व्हे नंबर. ज्या जमिनीवर मी जन्मलो, वाढलो आणि पंधरा-वीस वर्षे मुलांना भाषा शिकवून जेथे रोज निजायला आलो, तिला काय म्हणत, हे मला सांगता येईना. मी आठवडाभराची मुदत मागितली. सभेने हसून दिली.

गल्लीच्या टोकाला नव्वदीच्या एक आजी राहतात. त्यांच्याकडे गेलो. त्यांना भात आठवतो, पावसात बेडूक ओरडत ते आठवते, एक आडही आठवतो. नाव आठवत नाही. "होतं हो काहीतरी," त्या म्हणाल्या, "सासूबाई म्हणायच्या." आणि डोळे मिटून बसल्या.

त्याच आठवड्यात दिंडोरीहून एक खोके आले. आत एक बाटली. तिच्यावर छापील काही नव्हते. वहीच्या कागदाचा तुकडा चिकटवून विद्यार्थ्याने आपल्या त्या पहिल्या बाकावरच्या अक्षरात लिहिले होते ‘खडकाळी’. खाली बारीक अक्षरांत नानांचे नाव. सोबत एका ओळीची चिठ्ठी होती: नानांनी परवा वर कात्री लावली, या वर्षापुरती.

बाटली आता बाहेरच्या खोलीत आहे, शब्दकोशाच्या पुढे. घंटाळीहून येणारी मंडळी विचारतात, मी सांगतो. माझी आठवड्याची मुदत केव्हाच संपली. पण पाडव्याला आजींना नमस्काराला जायचे आहे, तेव्हा पुन्हा एकदा विचारीन.